साडेएकोणपन्नास घनफूट मुरूम

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "घर के सामने समतल जगह है न? माताजी को रोज़ बीस मिनट चलाना है."

"है, है," मी म्हणालो.

सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून प्रश्न संपायच्या आत "है" निघून जातं. आहे की नाही ते नंतर बघता येतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी बघितलं. नव्हती.

भोपाळच्या साकेत नगरातल्या आमच्या घरापुढे अठरा फूट बाय अकरा फुटांचं अंगण आहे. दोन वर्षांपूर्वी पाइपलाइनसाठी गल्लीबरोबर तेही खणलं गेलं आणि मग बुजवलं गेलं. खणणारे वेगळे आणि बुजवणारे वेगळे असावेत, आणि त्यांची आपसात गाठ पडलेली नसावी. आमची मुलगी शमिका त्यातून स्कूटी बाहेर काढताना दोनदा खाली उतरते. आई ऑपरेशनच्या आधीसुद्धा भिंत धरूनच फाटकापर्यंत जायची. आता तर हातात वॉकर असणार होता. शनिवारी डिस्चार्ज. माझ्यापाशी पुरते चार दिवस नव्हते.

आईने पलंगावर पडल्या पडल्या निकाल दिला होता. "दोन मजूर बोलाव, फावड्यानं सारखं करून घे, पाणी मार आणि धोपटून टाक. एका दिवसाचं काम आहे."

हे इतकं सोपं होतं की मला ते अपमानास्पद वाटलं. मी सांख्यिकी विभागात आहे. राज्यभरातल्या विहिरींचे आकडे माझ्या टेबलावरून पुढे सरकतात, आणि माझ्या स्वतःच्या अंगणाचा प्रश्न मी धोपटून सोडवायचा? मी तीन व्हिडिओ पाहिले. त्यात थंड प्रदेशातला एक गोरा गृहस्थ हातमोजे घालून, शीळ वाजवत जमिनीवर थर लावत होता. त्यावरून मी योजना आखली: खाली चार इंच गिट्टी, म्हणजे खडी, त्यावर तीन इंच मुरूम, त्यावर दोन इंच चुरी, म्हणजे दगडाची बारीक भुकटी. गिट्टी सहासष्ट घनफूट, मुरूम साडेएकोणपन्नास, चुरी तेहेतीस. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला आणि सवयीने खाली सही करून तारीखही घातली.

मंजूषाने कागद बघितला. "अहो, अंगण नऊ इंच वर आलं तर फाटक कसं उघडायचं? ते आत उघडतं."

बायकोच्या अशा शंकांना उत्तर द्यायचं नसतं, कारण ते नसतंच. मी कागद घेऊन शेजारी बघेलसाहेबांकडे गेलो.

बघेलसाहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, वजनाने आणि अनुभवाने भारी आहेत. त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितलं, "अच्युतजी, गिट्टी में कोई धोखा नहीं. चूरी में भी नहीं. धोखा है मुरम में. मुरम हमेशा हाथ में लेकर, दबाकर, सूंघकर लेना."

"सूंघकर?"

"सूंघकर," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मुरुमाच्या काही जुन्या आठवणी असाव्यात.

एवढ्यात गल्लीतले आणखी दोघं-तिघं गोळा झाले. एकाने सगळीकडे सिमेंट ओता म्हटलं, दुसऱ्याने सिमेंटमुळे घरात उष्णता वाढते म्हटलं, तिसऱ्याने ईशान्येची बाजू उंच झाली तर घरातली वडीलधारी माणसं आजारी पडतात असं सांगितलं. घरातलं वडीलधारं माणूस आधीच दवाखान्यात आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "तब तो पहले से ऊंचा होगा," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी मी अर्धी रजा टाकून बायपासजवळच्या यार्डात पोचलो. मागे खडी-मातीचे पाच-सहा डोंगर आणि पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत मालक रईसभाई. अतिशय गोड माणूस. आधी चहा पाजला, मग काम विचारलं.

मी कागद पुढे केला. "छियासठ घनफुट गिट्टी, साढ़े उनचास मुरम, तैंतीस चूरी."

रईसभाईंनी कागद बराच वेळ बघितला. मग उलटून मागची कोरी बाजू बघितली. तिथे काहीतरी उपयोगाचं सापडेल अशी आशा असावी.

"साहब, ये साढ़े-वाढ़े अपने यहां नहीं होता. अपने यहां ट्रॉली होती है."

"एक ट्रॉली में कितने घनफुट?"

"भर के," रईसभाई म्हणाले.

माझ्या कार्यालयात असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी स्पष्टीकरण मागवलं असतं. पण त्यांनी तोडगा काढला: एकाच ट्रॉलीत मध्ये फळ्या लावून तिन्ही माल भरून देतो. कोणती गिट्टी, कोणता मुरूम ते मात्र तुम्ही पसंत करा. मी प्रत्येक ढिगावर चढून, दाबून, आणि मुरुमाच्या बाबतीत वास घेऊन पाहिलं. मुरुमाला मुरुमाचा वास होता. नमुने घरी दाखवावेत म्हणून पिशवी शोधली, ती नव्हती. स्कूटरच्या हुकाला आईचा रिकामा डबा लटकत होता. त्याच्या तीन पुडांत तीन नमुने घेतले. "दोपहर को फोन पर पक्का करता हूं," असं सांगून मी निघालो.

बघेलसाहेबांनी नमुने पास केले. मंजूषाने ते बघितले नाहीत, कारण ती आईचा जेवणाचा डबा भरत होती. आमच्याकडे डबे दोन आहेत, आणि दोन्ही एकसारखे.

दुपारी हॉस्पिटलमध्ये आईने वरचं पूड उघडलं. चष्मा उशाशी होता. "आज सातूचं पीठ दिलंय का?" असं म्हणत तिने चुरीत चमचा घातला. चमचा ओठांपर्यंत गेला तेव्हा मी तो धरला. शेजारच्या पलंगावरच्या बाईंची मुलगी मेघा मदतीला धावली आणि तिने दुसरं पूड उघडलं, त्यात मुरूम निघाला. तिसऱ्यात वीस एमएमची गिट्टी.

"अच्युत," आई शांतपणे म्हणाली, "तू ते अंगण नुसतं धोपटून घेतलंस का रे?"

मी खाली जाऊन तिच्यासाठी इडली आणली. येताना जिन्यात उभं राहून रईसभाईंना फोन लावला. पुढचं सगळं त्या फोनमुळे झालं, म्हणून नीट सांगतो. त्यांच्या बाजूला दगड फोडायचं यंत्र चालू होतं, माझ्या बाजूला स्ट्रेचर.

"पक्का समझो, रईसभाई. कल सुबह भेज दो."

"भेज देंगे साहब. कोपरा भी लगेगा क्या?"

आमचं घर मराठी. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, मी इथेच जन्मलो. तरी गडबडीत कानावर पडलेला शब्द माझ्या डोक्यात मराठीच होऊन उतरतो. मला वाटलं, अंगणाच्या कोपऱ्यातही भराव घालायचा का, असं हा भला माणूस विचारतोय.

"हां हां, चारों कोपरे!"

रईसभाईंनी आवाज चढवला. "चारों?"

"चारों. एक भी नहीं छूटना चाहिए."

"मान गए साहब," रईसभाई आदराने म्हणाले, "बड़ा काम करा रहे हो." आणि मला फार बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी सहाला ट्रॅक्टर आला. मधल्या फळ्या वाटेत पडल्या होत्या. गिट्टी, मुरूम आणि चुरी यांची खिचडी झाली होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "ये सब मिल गया है." त्याने मागे वळून पाहिलं, "हओ, मिल तो गया," असं मान्य केलं आणि ती खिचडी आमच्या भिंतीला लागून रस्त्यावर ओतून दिली.

मी शब्द जुळवत होतो तोवर गल्लीच्या तोंडाशी हायवा उभा राहिला. हायवा म्हणजे दहा चाकांचा डंपर. तो मागे मागे येत आमच्या दारापाशी थांबला.

"ये किसका है?"

"आपका साहब. चार ट्रॉली कोपरा. रईस भाई बोले चार चक्कर कायको लगाना, एक हायवे में भेज दो."

भोपाळकडे भरावाच्या पिवळट मातीला कोपरा म्हणतात, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. मी दोन्ही हात वर करून "नहीं, नहीं" ओरडलो. ड्रायव्हरला वाटलं मी "वर घे" म्हणतोय. त्याने हौदा वर घेतला. हौद्याने आधी गल्लीतली इंटरनेटची केबल तोडली आणि मग सगळा माल बघेलसाहेबांच्या फाटकासमोर सोडला.

धूळ खाली बसली तेव्हा ढिगाच्या पलीकडे पांढऱ्या ट्रॅकसूटमधले बघेलसाहेब छातीपासून वर दिसत होते.

"अच्युतजी," ते म्हणाले, "मेरी गाड़ी अंदर है."

बघेलसाहेब रोज सकाळी गाडीने अरेरा कॉलनीतल्या एका बागेत हसायला जातात. तिथे हास्य क्लब आहे, आणि ते गेल्या सहा वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. ते बाजूच्या भिंतीवरून कसेबसे आमच्या अंगणात उतरले आणि माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले. स्कूटरचं पुढचं चाक दोन वेळा जमिनीचा निरोप घेऊन आलं.

तिथे नुसतं बघत उभं राहायला परवानगी नाही. पंचवीस निवृत्त माणसांच्या गोलात मला मध्ये उभं केलं आणि हात आभाळाकडे करून हसायला लावलं. माझ्या दारात एका ट्रॅक्टरचा आणि एका डंपरचा माल पडलेला, फोनवर गल्लीतल्या लोकांचे इंटरनेटबद्दलचे अकरा मिस कॉल, आणि मी "हो हो हा हा" करतोय. "अच्युतजी, पेट से," बघेलसाहेब दरडावत होते. "ये तो आप गले से हंस रहे हो."

घरी आलो तर ढिगाच्या शिखरावर गल्लीतली एक तांबडी कुत्री बसलेली. तिला ती जागा आवडली होती. मी बोलावलेले दोन मजूर फावडं घेऊन पुढे झाले की ती दात दाखवायची. दोघंही मजूर दुपारी येतो सांगून गेले ते गेलेच. मंजूषाने आईचं मन रमावं म्हणून कुत्रीसकट ढिगाचा फोटो तिला पाठवून दिला. रईसभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "साहब, मिट्टी घर से विदा हो जाए तो वापस नहीं लेते." मुलीच्या बापासारखा त्यांचा कंठ दाटून आला होता.

शुक्रवारी पुन्हा हसून आलो. दहाच्या सुमाराला वॉर्डाच्या ऑफिसातले दरोगा मोटारसायकलवरून आले. रस्त्यावर काय पडलंय त्यावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. हेल्पलाइनवर तक्रार आली होती.

"ये मलबा है कि मटेरियल?" त्यांनी विचारलं.

"दोनों में फरक क्या है?"

"मलबा है तो आज उठेगा. मटेरियल है तो निर्माण की परमिशन दिखाइए, माल की रॉयल्टी की पर्ची दिखाइए."

"मी स्वतः शासकीय सेवेत आहे," मी मराठीतच म्हणालो. दुखावलो की माझं हिंदी जातं. मग सावरून म्हटलं, "इसको सिर्फ मिट्टी नहीं लिख सकते?"

"मिट्टी का कॉलम नहीं है," दरोगाजी सहानुभूतीने म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी मार्ग सांगितला: तक्रार करणाऱ्याने फोनवर "मैं संतुष्ट हूं" असं म्हटलं की तक्रार मिटते. त्याला मनवा.

माझ्या मनात यादी तयार होती. इंटरनेट गेलेली नऊ घरं. ईशान्यवाले गृहस्थ. खुद्द बघेलसाहेबसुद्धा, कारण हसणाऱ्या माणसाचा भरवसा नाही. "कौन है?" मी विचारलं.

दरोगाजींनी मोबाइल लांब धरून वाचलं. "कोई लीलावती देशकर हैं. जानते हैं?"

"मेरी मां है," मी म्हणालो.

दरोगाजींनी मोटारसायकल परत स्टँडवर लावली. "आप पहले पानी पी लो," ते म्हणाले.

हॉस्पिटलात आई उशीला टेकून बसली होती. मेघा तिला संत्रं सोलून देत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तक्रार आईच्या फोनवरून, पण मेघाच्या बोटांनी टाईप झाली होती.

"आई, तू माझी तक्रार केलीस?"

"तुझी कशाला करू? ढिगाची केली. तुला मंगळवारपासून सांगतेय, तू ऐकलंस? म्हटलं, सरकार तरी ऐकेल." तिने संत्र्याची फोड खाल्ली. मग म्हणाली, "मंजूषा म्हणत होती, दोघं-तिघं मिळून मला खुर्चीसकट त्या ढिगावरून उचलून आत नेणार आहात."

"तात्पुरतं, आई."

"नाही. इतके दिवस इथे मला बाथरूमलासुद्धा दुसऱ्यांनी नेलंय, अच्युत. माझ्या घरात मी माझ्या पायांनी जाणार आहे. ते झालं की मी संतुष्ट."

हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं. परत येताना मी स्कूटर इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून कंटाळले.

घरी मी मंजूषाला आणि शमिकाला सगळं सांगितलं. मंजूषाने लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं की आमच्या दारातली माती कुणीही न्या, फुकट आहे. एक तास कुणी आलं नाही. फुकट देतायत म्हणजे मातीत काहीतरी खोट असणार, असं लोकांना वाटलं.

"बाबा, तुम्हाला मार्केटिंग आता ही नहीं," शमिका म्हणाली आणि तिने दुसरा मेसेज टाकला: "गार्डन क्वालिटी मिट्टी. स्टॉक सीमित. एक घर, सिर्फ चार तसले."

तसला म्हणजे इकडचं घमेलं. पंधरा मिनिटांत रांग लागली.

माणसं घमेली घेऊन आली, बादल्या घेऊन आली, एक आजोबा जुनी बाबागाडी घेऊन आले. कुणाला कुंड्या भरायच्या होत्या, कुणाला पायरीपुढचा खड्डा. माझे नमुने पास करणारे बघेलसाहेब शिट्टी गळ्यात घालून ढिगापाशी उभे राहिले. नोकरीतले दिवस त्यांच्या अंगात परतले होते. तांबड्या कुत्रीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि राजीनामा दिला. प्रत्येक घराचे चार तसले झाले की बघेलसाहेब त्या घराकडून आणखी दोन तसले गल्लीतल्या पाइपलाइनच्या चरात टाकून घेत, वर पाणी मारायला लावत आणि स्वतः त्यावर चालत. त्यांच्याइतका चांगला रोलर कुठल्याच खात्याकडे नसेल. पाच वाजेपर्यंत त्यांचं फाटक उघडलं आणि चर बुजून गल्ली अशी सपाट झाली, जशी मी कधी पाहिली नव्हती.

आणि मग माझ्या लक्षात आलं की कोपरा संपल्यावर लोक आमच्या खिचडीला लागले आहेत. मी धावत घमेलं घेऊन आलो. चार घमेली आत नेऊन टाकली, पाचवं भरायला वाकलो तर शिट्टी वाजली.

"चार हो गए आपके."

"बघेलसाहेब, माल मेरा है!"

"नियम भी आपका है," ते म्हणाले, आणि रांगेतले लोक त्यांच्या बाजूने बोलले.

संध्याकाळी ढीग नव्हता. मी आणि मंजूषाने आमची चार घमेली फाटकापासून पायरीपर्यंत पसरली. जेमतेम फूटभर रुंदीची पट्टी झाली. त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना अंगण होतं तसंच होतं. बघेलसाहेब फाटकात येऊन उभे राहिले, खिशातून टेप काढला आणि पट्टी मोजली. मग म्हणाले, "माताजी का वॉकर कितना चौड़ा है?"

"दोन फूट," मंजूषा म्हणाली.

ते टेप गुंडाळून गेले. मला वाटलं, आता सल्ला येईल. थोड्या वेळाने ते आले ते स्वतःचं घमेलं घेऊन, भरलेलं. त्यांच्या मागे ईशान्यवाले गृहस्थ, त्यांच्या मागे बाबागाडीवाले आजोबा. कुणी कुंडीतून काढून आणलं होतं, त्यात मोगऱ्याचं एक मूळही आलं. कुणीही मला कसलाच सल्ला दिला नाही, हे मला फार जड गेलं. पाणी मारलं, बघेलसाहेबांनी वरून तीन फेऱ्या घातल्या. पट्टी अडीच फूट रुंद झाली. खाली गिट्टी नव्हती, थर नव्हते, उंची दोन इंचसुद्धा नसेल. मंजूषाने फाटक उघडून पाहिलं. सहज उघडलं.

शनिवारी अकरा वाजता गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आईने तिथेच उतरायचं म्हटलं. एका बाजूला मी, एका बाजूला शमिका. पण तिने दोघांनाही हात लावू दिला नाही. वॉकर पुढे, मग पाऊल, मग थोडं थांबणं. लोक आपापल्या फाटकांत उभे होते आणि प्रत्येक जण "आइए माताजी, आइए" म्हणत होता. अर्ध्या वाटेत तिचा फोन वाजला. हेल्पलाइनवरची मुलगी विचारत होती, तक्रारीच्या निराकरणाबद्दल आपण संतुष्ट आहात का.

"बेटा, होल्ड करो," आई म्हणाली, "मैं अभी चल रही हूं."

फोन शमिकाच्या हातात दिला आणि पुढे निघाली. गल्ली संपली, फाटक आलं, पट्टी आली. पट्टीवर वॉकरचे पाय रुतले नाहीत. मी श्वास रोखून अकरा फूट मोजले. पायरीशी पोचून तिने फोन मागितला, "हओ बेटा, संतुष्ट," असं सांगून बंद केला, आणि मंजूषाने दार उघडून तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

आईने आत पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. फाटकाशी बघेलसाहेब, बाबागाडीवाले आजोबा, अर्धी कॉलनी.

तिने हळूहळू, चार टप्प्यांत, वॉकर उलटा फिरवला.

"आई, अगं आत चल. दमली असशील."

"आत कोण आहे बोलायला?" आई म्हणाली. "चहा बाहेरच आणा." आणि ती परत फाटकाकडे निघाली. तिची फाइल, औषधांची पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत मी मागोमाग चाललो.